हिरव्याला पिवळा

चाकाच्या शोधाने माणूस माणूस झाला, आणि ज्याच्या हाती चाक त्याच्या हाती राष्ट्राचं भवितव्य, असं मोठे साहेब दरवर्षी सुरक्षा सप्ताहाच्या भाषणात सांगत. समोर बसलेले ड्रायव्हर टाळ्या वाजवत. रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या हाती चाक नसतं, रूळ नेतील तिकडे मुकाट्याने जायचं असतं, ही गोष्ट साहेबांच्या कानावर घालायची कोणाची हिंमत झाली नव्हती. तशी गरजही नव्हती, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्मे झोपेत वाजवत.

झोपेत वाजवणाऱ्यांत आपला ड्रायव्हर पहिल्या रांगेत असे. मालगाडीचा ड्रायव्हर. सहकारी त्याला घुबड म्हणत, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, त्याला तर मुळीच नाही. प्रवासी गाडीला वेळापत्रक असतं, मालगाडीला फक्त नशीब असतं. सिमेंटची पोती खिडकीतून डोकं काढून ‘गाडी का थांबली’ म्हणून शिव्या घालत नाहीत. त्यामुळे मागून येणारी प्रत्येक गाडी पुढे काढायची आणि मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करून ठेवायची, असा रिवाज होता. ड्रायव्हरच्या नोकरीचा मोठा भाग बाजूच्या रुळावर, दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघण्यात गेला होता. तो त्यांना हात दाखवी. ते त्याला दाखवत नसत. त्यांना वेळ नसे.

मालगाडी कधी सुटणार हे कोणालाच माहीत नसल्यामुळे तिचा ड्रायव्हर कधी जेवणार, कधी निजणार आणि कधी दाढी करणार हेही कोणाला माहीत नसे. घरी फोन येई, त्याला ‘कॉल’ म्हणत. कॉल आला की अंघोळ अर्धी असली तर अर्धी, घास हातात असला तर हातात. त्यामुळे त्याच्या घराची रचनाच फोनाभोवती झाली होती. झोपायच्या खोलीच्या खिडकीवर जाड घोंगडी ठोकलेली. दाराच्या घंटेची वायर काढलेली. शेजारच्या आजी दार वाजवायच्या ऐवजी खिडकीशी येऊन खोकत. सासरच्या मंडळींच्या एकाही समारंभाच्या फोटोत तो नव्हता. एकात होता, पण त्यात डोळे मिटलेले होते. मेहुणी दर वेळी तो फोटो काढून दाखवी आणि म्हणे, ‘‘भावजी, तुमचा हा अगदी नैसर्गिक आलाय.’’

आता सिग्नल पुकारण्याची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार. सिग्नल दिसला की ड्रायव्हर हात वर करून मोठ्याने त्याचा रंग पुकारतो, ‘हिरवा!’ जोडीदारानेही स्वतः बघून तोच पुकारायचा, ‘हिरवा!’ जोडीदाराने साथ दिली नाही तर पुन्हा पुकारायचं, अधिक जोरात. नियम शहाणा आहे. एका माणसाची चूक होऊ शकते, दोघांची एकदम होत नाही, असं त्यामागचं गणित. दोघं एकदम दमलेले असू शकतात, ही शक्यता गणितात धरलेली नव्हती.

उमेदवारीपासून आजवर ड्रायव्हर हेच पुकारत आला होता. दिवसा घोंगडीआड झोपला असतानाही पुकारी. बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत असे, आतून आवाज येई, ‘‘पिवळा!’’ ती चिरता चिरताच ओरडे, ‘‘पिवळा!’’ लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा तो तीनदा ओरडून ताडकन उठून बसला होता आणि त्याने तिला विचारलं होतं, ‘‘अगं, तू काय करत होतीस इतका वेळ?’’ तेव्हापासून ती न चुकता साथ देई. कुकरच्या शिट्टीसारखंच ते एक काम झालं होतं, त्यात फारसं मन घालावं लागत नसे.

आणि मग एके दिवशी एक स्टेशन हरवलं.

दुपारची वेळ, लख्ख ऊन, सरळ रूळ. ड्रायव्हरला नदीचा पूल आठवत होता आणि पुलानंतर एकदम विटांच्या भट्ट्या आल्या. मध्ये एक स्टेशन असायला हवं होतं. बऱ्यापैकी मोठं, पाण्याची टाकी असलेलं.

‘‘काय रे,’’ तो जोडीदाराला म्हणाला, ‘‘मधलं स्टेशन कुठे गेलं?’’

‘‘गेलं की मागे,’’ जोडीदार म्हणाला.

‘‘सिग्नल?’’

‘‘सगळे पुकारले की तुम्ही. हात वर करून. खणखणीत.’’

ड्रायव्हरने खिडकीतून मागे पाहिलं. आपलं तोंड ड्यूटीवर होतं, हात ड्यूटीवर होता, आणि आपण स्वतः कुठेतरी गाढ झोपलो होतो. डोळे उघडे ठेवून. मागे अख्खी मालगाडी होती आणि पुढे माणसं उभी असलेली फाटकं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण बूट काढता काढता तोंडातून निघून गेलं. बायकोने आजवर त्याच्या नोकरीविषयी तक्रार केली नव्हती. तक्रार करायला समोर माणूस लागतो आणि तो जागा लागतो. त्या दिवशी मात्र तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

‘‘आता उतरा खाली,’’ ती म्हणाली.

‘‘उतर म्हटलं की उतरता येतं होय? बस आहे का ती?’’

‘‘मला माहीत नाही. पण मला तुमची काळजी आहे आणि फाटकावर उभ्या असणाऱ्या लोकांची तर त्याहून आहे. त्यांचं तुमच्याशी लग्नही झालेलं नाही. उतरा.’’

तेव्हा ड्रायव्हर वकिलाकडे गेला. वकील हाही ड्रायव्हरच होता, पण नियमांचा इतका जाणकार की नियमांच्या बळावर तो क्वचितच गाडीवर दिसे. क्रू ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून तो लोकांना सल्ले देई. त्याने सगळी हकिकत डोळे बारीक करून ऐकली.

‘‘थकवा आलाय म्हणतोस.’’

‘‘हो.’’

‘‘थकवा चालत नाही घुबडा. हृदय चालतं, साखर चालते, डोळे चालतात. थकवा म्हणून आजारच नाही. थकलास म्हणून सांगितलंस तर दोन दिवस आराम कर म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी कॉल देतील.’’

‘‘मग?’’

‘‘क्रू ऑफिसात आतल्या खोलीत एक टेबल आहे. कॉल देण्याचं. तिथले म्हातारबुवा निवृत्त झाले. ड्रायव्हरकीला अनफिट झालेल्याला ती जागा मिळते. दहाला जायचं, सहाला यायचं. आता तूच सांग, तुझं हृदय कसं आहे?’’

‘‘चांगलं आहे.’’

‘‘वाटलंच. साखर?’’

‘‘घरात असते तेवढीच.’’

‘‘मग डोळे,’’ वकील म्हणाला. ‘‘पुढच्या आठवड्यात तुझी मेडिकल आहेच. हृदयाचं काय होतं, मशीन चुगली करतं. साखरेची रक्त चुगली करतं. डोळ्यांचं मात्र बरं असतं. डोळ्यांना काय दिसलं ते तोंडाने सांगायचं असतं, आणि तोंड आपल्या बापाचं. दिवा हिरवा लागला की म्हणायचं पिवळा. झालं.’’

‘‘आणि लाल लागला तर?’’

‘‘लालला हिरवा म्हणू नकोस हां. ते फार होतं. डॉक्टरला संशय येतो. लालला पण पिवळाच म्हण. सभ्य माणूस पिवळ्यावर राहतो.’’

ड्रायव्हरला हे पटलं नाही. खोटं बोलण्याविषयी त्याची तत्त्वं होती असं नाही, पण रंगाविषयी होती. बायकोला मात्र ताबडतोब पटलं. तिने तयारी करून घ्यायचं ठरवलं. ड्रायव्हर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि ती टोपलीतून एकेक वस्तू काढून समोर धरू लागली.

‘‘हे काय?’’

‘‘टोमॅटो.’’

‘‘रंग विचारतेय.’’

‘‘ला…’’

‘‘अहो!’’

‘‘पिवळा.’’

‘‘हं. आणि ही मिरची?’’

‘‘पिवळी.’’

‘‘हे लिंबू?’’

ड्रायव्हर अडकला. ‘‘आता हे पिवळंच आहे. याला काय म्हणू?’’

हा मुद्दा वकिलाने सांगितला नव्हता. दोघांनी त्यावर बराच खल केला. शेवटी पिवळ्याला लाल म्हणावं असं ठरलं. मुलगी कॉलेजातून आली तेव्हा तिचे वडील हातातल्या लिंबाकडे बघून ‘लाल, लाल’ असं पुटपुटत होते आणि आई ‘शाब्बास’ म्हणत होती. मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पिशवी ठेवली आणि ती मैत्रिणीकडे अभ्यासाला निघून गेली.

आठवडाभरात प्रगती चांगली झाली. शेवटी शेवटी तर ड्रायव्हर बाजारात भाजीवाल्याकडे पिवळी वांगी मागू लागला होता. मेडिकलच्या दिवशी सकाळी बायकोने त्याला दही दिलं नाही की काही नाही, नुसतं बजावून सांगितलं, ‘‘फार विचार करू नका. विचार केलात की खरं बोलाल.’’

रेल्वेच्या दवाखान्यातली डोळे तपासायची खोली लांबट आणि बिनखिडकीची होती. डॉक्टरीणबाई टेबलामागे बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, समोर गार झालेला चहा होता. बदलीवर येणारी डॉक्टर आली नसल्याने त्या आदल्या दिवसापासून तिथेच होत्या.

‘‘बसा. समोर दिवा लागेल, रंग सांगायचा,’’ त्या जांभई दाबत म्हणाल्या. ‘‘घाई नाही.’’

‘घाई नाही’ हे शब्द ड्रायव्हरने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. त्याला एकदम गहिवरून आलं.

मदतनिसाने दार लावून घेतलं, खोलीतला दिवा मालवला आणि तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मिट्ट काळोख झाला. आणि मग दूर टोकाला, बरोबर नजरेच्या उंचीवर, एक दिवा लागला.

ड्रायव्हरने मनातल्या मनात मिरची आठवली. पिवळी, पिवळी, असं म्हणत त्याने तोंड उघडलं. पण काळोख होता आणि काळोखात दूर एक दिवा होता, आणि अशा वेळी त्याच्या तोंडाला त्याला विचारायची सवय नव्हती. हात सटकन वर गेला.

‘‘हिरवा!’’ तो गरजला.

‘‘हिरवा!’’ काळोखाच्या कोपऱ्यातून कोणीतरी तितक्याच जोरात ओरडलं.

डॉक्टरीणबाई दचकल्या. ‘‘हे काय?’’

‘‘चुकलं मॅडम,’’ कोपऱ्यातून मदतनिसाचा ओशाळलेला आवाज आला. ‘‘सवय आहे.’’

हा मदतनीस पूर्वी इंजिनावर जोडीदार होता. हृदयाच्या मशीनने चुगली केल्यावर तो अनफिट होऊन दवाखान्यात आला होता. गेली काही वर्षं तो फक्त लोकांच्या डोळ्यांत थेंब घालत होता आणि दारं लावत होता. इतका खणखणीत सिग्नल बऱ्याच दिवसांत त्याच्या कानावर पडला नव्हता.

ड्रायव्हरने स्वतःला सावरलं. एक खरा झाला तर झाला. पुढचे सगळे पिवळे. दुसरा दिवा लागला, आणि तो लाल होता. लालला पिवळा म्हणायची तयारी सगळ्यात पक्की होती, टोमॅटो संपेपर्यंत केलेली. पण लाल दिसला की आधी तोंड नाही, डावा हात चालतो, ब्रेककडे. ड्रायव्हरचा डावा हात अंधारात ब्रेक शोधत गेला आणि त्याच्या हाती ट्रे लागला. थेंबांच्या बाटल्या खळाखळा जमिनीवर पडल्या.

‘‘लाल!’’

‘‘लाल!’’

‘‘अहो, तुम्ही दोघं तपासणीला आलात की गाण्याच्या कार्यक्रमाला?’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही कोपऱ्यातले, एक अक्षर बोलू नका. आणि तुम्ही हात मांडीवर ठेवा.’’

ड्रायव्हरने हात मांडीखाली दाबून धरले. तिसरा दिवा लागला.

‘‘पिवळा!’’

कोपरा गप्प होता. ड्रायव्हर थांबला. साथ मिळाली नाही. कानात ती शांतता वाढत गेली. लिंबाला लाल म्हणायचं होतं हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण आता तो प्रश्नच राहिला नव्हता. सिग्नल पुकारला होता आणि दुसऱ्या बाजूने उत्तर नव्हतं.

‘‘पिवळा!!’’

कोपऱ्यात कोणीतरी कासावीस होऊन पाय हलवल्याचा आवाज आला.

‘‘पिवळाऽऽ!’’

‘‘पिवळा! हो, पिवळाच आहे, पिवळा!’’ डॉक्टरीणबाई ओरडल्या. ‘‘बाहेर पेशंट आहेत हो माझे!’’

ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यातूनही एक सुस्कारा आला.

मग अगदी बारीक, टाचणीच्या डोक्याएवढा दिवा लागला. ‘‘हा दिसला नाही तरी हरकत नाही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘पुष्कळांना दिसत नाही.’’

इथे ड्रायव्हरने सगळं बळ एकवटलं. त्याने विटांच्या भट्ट्या आठवल्या, हरवलेलं स्टेशन आठवलं, बायकोचा चेहरा आठवला. नुसतं ‘दिसत नाही’ म्हणायचं होतं. तेवढंही जमेना. दिवा दिसत होता. मग निदान रंग तरी. त्याने दात आवळून सुरुवात केली, ‘‘पि…’’

‘‘अंहं!’’ कोपऱ्यातून आवाज आला. मदतनिसाने गप्प राहायचा खूप प्रयत्न केला होता. पण समोर चुकीचा सिग्नल पुकारला जात असताना गप्प राहणं हे त्याच्या हृदयाला झेपणारं नव्हतं.

‘‘हिरवा,’’ ड्रायव्हर म्हणाला. या वेळी आवाज मोठा नव्हता.

‘‘हिरवा,’’ कोपरा समाधानाने म्हणाला.

खोलीत उजेड झाला. डॉक्टरीणबाई सही करता करता म्हणाल्या, ‘‘इतकी स्वच्छ नजर बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. बाकी दमलेले दिसता फार.’’

‘‘हो,’’ ड्रायव्हर घाईने म्हणाला. ‘‘फार दमलोय. त्याचं काही तपासता येतं का?’’

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग गार चहाकडे पाहिलं.

‘‘त्याचं काही असतं तर मी आधी माझं तपासलं असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्याला पाठवा.’’

बाहेर मदतनीस धावत मागे आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. ‘‘काय नजर आहे हो! मजा आली.’’

‘‘मला अनफिट व्हायचं होतं,’’ ड्रायव्हर म्हणाला.

मदतनिसाचं तोंड पडलं. ‘‘अरे देवा. अहो मग मला आधी डोळा मारायचा ना!’’

‘‘अंधारात?’’

मदतनीस त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

‘‘खाली बरं असतं ना?’’ ड्रायव्हरने विचारलं.

‘‘बरं म्हणजे, जेवण वेळेवर असतं.’’

‘‘आणि झोप?’’

‘‘लागते. पण मध्येच जाग येते. फोन वाजला नाही ना, म्हणून.’’

घरी बायको दारातच उभी होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला अंदाज आला असावा, तरी तिने विचारलं.

‘‘किती चुकले?’’

‘‘एकही नाही.’’

‘‘एकही?’’

‘‘एकही.’’

‘‘आठवडाभर घसा फोडला मी. अहो, एखादा तरी!’’

‘‘एक अर्धा चुकला होता. पण तो जोडीदाराने दुरुस्त केला.’’

‘‘दवाखान्यात कुठला जोडीदार?’’

त्याने सगळं सांगितलं. ती हसायला लागली. बाटल्यांपाशी आल्यावर तिला उभं राहवेना, ती उंबऱ्यावरच बसली. डॉक्टरीणबाईंनी ‘पिवळा’ म्हटल्याचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या आजी खिडकीशी येऊन खोकून गेल्या. ‘‘जन्मात एकदा पैकीच्या पैकी पडले,’’ ती पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘‘आणि ते नेमके इथे.’’

मग ती हसायची थांबली, आणि डोळे मात्र पुसतच राहिली.

‘‘मग आता?’’ तिने विचारलं.

तो बूट न काढताच बसला होता. त्यालाही तेच विचारायचं होतं. इतक्यात फोन वाजला. कॉल होता. सिमेंट भरून तयार होतं आणि फिट असलेला ड्रायव्हर हवा होता.

तिने डबा भरला. झाकण लावताना म्हणाली, ‘‘जोडीदाराशी बोलत राहा. काहीही बोला. माझ्या बहिणीच्या तक्रारी सांगा, त्या पुष्कळ आहेत.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि ते स्टेशन आलं की मला फोन करा. इंजिन उभं असेल तरच करा. पण करा.’’

‘‘बरं.’’

क्रू ऑफिसच्या बाहेर बाकावर वकील बसला होता. ड्रायव्हरने मान खाली घातली. शिव्या खायची त्याची तयारी होती.

‘‘पास झालास म्हणे,’’ वकील म्हणाला. दवाखान्यातली बातमी सिग्नलपेक्षा लवकर पोचते.

‘‘झालो. तोंडाने ऐकलं नाही. ती जागा आता दुसऱ्या कोणाला जाईल.’’

वकिलाने घसा खाकरला. नियमांचा जाणकार म्हणून त्याचा लौकिक होता, आणि पुढचं वाक्य त्या लौकिकाला शोभणारं नव्हतं.

‘‘जाणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘कॉल आता मुख्य ऑफिसातून कॉम्प्युटर देतो. म्हातारबुवा गेले त्याच दिवशी जागा रद्द झाली. मलाही आजच कळलं.’’

सही करायला आत जाताना ड्रायव्हरने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. टेबल-खुर्ची हलवली होती आणि त्या जागी झेरॉक्सचं मशीन ठेवलं होतं. ते बंद होतं.